टू-स्ट्रोक अल्ट्रालाइटसाठी पेट्रोल-ऑइल मिश्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्ट्रालाइट म्हणजे एक-दोन जणांची अगदी हलकी विमानं. उड्डाणाच्या सहली सुरू व्हायच्या सुमारास हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून ते एका जागी गोळा केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत इथल्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल, तर पुस्तिकेचंच ऐका.

१. पेट्रोलमध्ये ऑइल घालावंच का लागतं? फोर-स्ट्रोकला तर लागत नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं साठवलेलं असतं आणि पंप ते सगळीकडे फिरवतो. टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल क्रँककेसमधूनच सिलिंडरमध्ये ढकललं जातं, त्यामुळे तिथं ऑइल भरून ठेवायची सोयच नसते. क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन पिन, सिलिंडरची भिंत या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर आलेल्या ऑइलमधून. पेट्रोल उडून जातं, ऑइलचा पातळ थर मागे राहतो आणि शेवटी तोही जळून बाहेर पडतो. ऑइल घालायचं राहिलं, तर इंजिनात वंगण उरतच नाही.

रोटॅक्स कंपनीचं ५८२ इंजिन वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. या इंजिनात रोटरी व्हॉल्व्हच्या शाफ्टला एका छोट्या स्वतंत्र टाकीतून ऑइल मिळतं. त्याचा पेट्रोलमधल्या ऑइलशी संबंध नाही, पण त्याची पातळी दर उड्डाणाआधी बघायची असते.

२. ५०:१ म्हणजे नेमकं किती ऑइल? आणि ‘२ टक्के’ म्हणजे तेच का?

हो, तेच. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे दर लिटरला २० मिली. ५ लिटरला १०० मिली, १० लिटरला २०० मिली, २० लिटरला ४०० मिली. ४०:१ असेल तर लिटरला २५ मिली, ३२:१ ला साधारण ३१ मिली आणि २५:१ ला ४० मिली. हिशोब नेहमी पेट्रोलच्या मापावर करायचा: लिटरला १००० ने गुणा आणि प्रमाणाच्या आकड्याने भागा, उत्तर मिलीत येईल.

३. माझ्या इंजिनाला कोणतं प्रमाण योग्य?

इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेलं. रोटॅक्सच्या ४४७, ५०३ आणि ५८२ या इंजिनांना ५०:१ लागतं. पॅरामोटरच्या (पाठीवर इंजिन बांधून कापडी पंखाने उडण्याच्या साधनाच्या) छोट्या इंजिनांत मात्र मॉडेलनुसार फरक पडतो, तेव्हा शेजारच्या पायलटचं प्रमाण उचलू नका.

ऑइलच्या बाटलीवर कधी कधी १००:१ किंवा असंच काही छापलेलं असतं आणि लोक गोंधळतात. बाटलीवरचा आकडा ऑइलवाल्याचा असतो. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं), बेअरिंगांची रचना आणि तपासण्यांच्या मुदती इंजिनवाल्याने स्वतःचं प्रमाण धरून ठरवलेल्या असतात. दोघांत फरक दिसला तर इंजिनवाल्याचा आकडा घ्यायचा.

४. शंका नको म्हणून थोडं जास्त ऑइल घातलं तर बरंच ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो सोडायला हवा. जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा तेवढा कमी होतो. ऑइल दाट असल्यामुळे एकूण प्रवाहही किंचित मंदावतो. म्हणजे ऑइल जास्त, पण हवेच्या मानाने पेट्रोल कमी. अशा ‘लीन’ मिश्रणाने सिलिंडर आणि एक्झॉस्टचं तापमान वर चढतं. शिवाय प्लग काळे पडतात, एक्झॉस्ट पोर्टवर काजळी जमते आणि रिंगा खाचेत चिकटू लागतात. चिकटलेली रिंग पिस्टनची उष्णता भिंतीकडे नीट पोचवू शकत नाही. मग ज्या जाम होण्याच्या भीतीने ऑइल वाढवलं, तेच दुसऱ्या वाटेने समोर येतं.

मोजमापात थोडा फरक पडला तर घाबरू नका. १० लिटरला २०० ऐवजी १९५ मिली पडलं तर प्रमाण ५१:१ होतं, त्याने काही बिघडत नाही. खरा त्रास अंदाजाने ओतण्यामुळे होतो.

५. कोणतं ऑइल घ्यायचं? बोटीचं किंवा स्कूटरचं चालेल का?

एअर-कूल्ड टू-स्ट्रोकला चालणारं, एपीआय टीसी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीतला टू-स्ट्रोक वर्ग) दर्जाचं ऑइल घ्या. जासो या जपानी वाहनमानक संस्थेच्या वर्गवारीत एफसी आणि एफडी कमी धूर देणारे वर्ग आहेत. त्यांतल्या एफडीत इंजिन स्वच्छ ठेवण्याची कसोटी अधिक कडक असते.

बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल मात्र टाळा. ती इंजिनं पाण्याने थंड राहतात, म्हणून ते ऑइल कमी तापमानासाठी आणि राख न सोडण्यासाठी बनवलेलं असतं. हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरच्या उष्णतेत त्याचा टिकाव लागत नाही. ५८२ लिक्विड-कूल्ड आहे म्हणून तिला ते चालेल असंही समजू नका. तिच्यासाठीही रोटॅक्स एपीआय टीसीच सांगते.

स्कूटरसाठी विकलं जाणारं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टीसी दर्जाचं असेल तर तत्त्वतः वापरता येतं. पण स्कूटर अधूनमधून जोर लावते, विमानाचं इंजिन तासभर ६५ ते ७५ टक्के शक्तीवर एकसारखं चालतं. या कामासाठी चांगलं सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनाच्या किमतीपुढे त्या फरकाची काही मातब्बरी नाही.

६. पेट्रोल कसलं हवं? इथेनॉल असलेलं चालतं का?

रोटॅक्सच्या या टू-स्ट्रोक इंजिनांना किमान ९० रॉन ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेट न घेण्याची क्षमता सांगणारा आकडा) लागतं. ताजं आणि वर्दळीच्या पंपावरचं पेट्रोल घ्या.

इथेनॉलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचा ऑइलशी थेट संबंध आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये १५ अंशांच्या आसपास साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकतं. त्याहून जास्त झालं किंवा थंडी वाढली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबरच राहतं. टाकीची नळी तळाशी असते, म्हणजे इंजिनाला मिळतं ते वंगण नसलेलं पाणी-इथेनॉल. इंजिन त्यावर नीट चालत नाही आणि जेवढं चालतं तेवढं कोरडं चालतं.

याखेरीज इथेनॉलमुळे काही रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि फायबरग्लासच्या टाक्या खराब होतात, आणि त्याच जेटवर मिश्रण थोडं लीनही होतं. तुमच्या इंजिनाला आणि टाकीला किती टक्के मान्य आहे हे दोन्ही पुस्तिकांत बघा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे घरी तपासता येतं. खुणा असलेल्या १०० मिलीच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, हलवा आणि स्थिर होऊ द्या. पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. ती १९ च्या आसपास गेली तर सुमारे १० टक्के आहे. ही तपासणी ऑइल घालण्याआधी करायची आणि नळीतलं पेट्रोल परत कॅनमध्ये ओतायचं नाही.

७. मिसळायची नेमकी पद्धत काय?

स्वतंत्र कॅनमध्ये मिसळा, विमानाच्या टाकीत कधीही नाही. ऑइल पेट्रोलपेक्षा जड असतं. टाकीत थेट ओतलं तर न विरघळता तळाशी जातं आणि नळीतून तसंच दाट कार्बोरेटरकडे निघतं. आधी प्लग भिजतात आणि नंतरच्या पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडतं.

कॅनमध्ये आधी थोडं पेट्रोल घ्या, दोन-तीन लिटर पुरे. मापाच्या भांड्याने ऑइल मोजून त्यात ओता, झाकण लावा आणि चांगलं हलवा. मग उरलेलं पेट्रोल भरा आणि पुन्हा हलवा. भांड्याला चिकटलेलं ऑइल थोड्या पेट्रोलने विसळून आत घ्या. लहान टाकी असेल तर ६० मिलीची सिरिंज सगळ्यांत अचूक पडते. लिटर किती झाले ते पंपाच्या मीटरवर वाचा. कॅनवरच्या उठावाच्या खुणा ढोबळ असतात.

पेट्रोल भरताना कॅन जमिनीवर ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा प्लॅस्टिकच्या चटईवर ठेवून भरलं तर स्थिर वीज साठून ठिणगी पडू शकते. पंपाच्या नळाचं टोक कॅनच्या तोंडाला टेकलेलं असू द्या. कॅन काठोकाठ भरू नका, कारण १० अंश तापमान वाढलं की पेट्रोल सुमारे १ टक्क्याने फुगतं.

टाकीत ओतताना पाणी अडवणारं बारीक जाळीचं नरसाळं वापरा. आणि मिश्रण झाल्याबरोबर, हात पुसायच्याही आधी, कॅनवर चिकटपट्टी लावून प्रमाण, ऑइलचं नाव आणि तारीख लिहा. प्रश्न ११ मधल्या बहुतेक अडचणी या एका सवयीने उद्भवतच नाहीत.

८. सहलीला ऑइल कसं न्यायचं? वाटेत पेट्रोल भरताना गडबड होते.

मोजायचं काम घरी उरकून टाका. १०० किंवा २०० मिलीच्या घट्ट बुचाच्या बाटल्या भरा आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘५ लिटरसाठी’, ‘१० लिटरसाठी’. वाटेत नेमकं तेवढंच पेट्रोल घ्यायचं आणि पूर्ण बाटली रिकामी करायची. पंपावर माणसं बोलायला येतात, विमान बघायला थांबतात, पाऊस येतो. अशा वेळी डोक्यात गुणाकार करावा लागू नये.

किती बाटल्या लागतील हे इंजिनाच्या तासाच्या खपावरून काढा. प्रवासवेगात तासाला १५ लिटर जात असेल आणि ४ तास उडायचं असेल तर ६० लिटर पेट्रोल, म्हणजे ५०:१ ने १.२ लिटर ऑइल. त्यावर एका भरण्याचं ऑइल जास्तीचं ठेवा. ऑइल लिटरला साधारण ८७० ग्रॅम भरतं. हे वजन भाराच्या हिशोबात धरा आणि बाटल्या अशा ठेवा की हवेत एकही सुटून प्रॉपेलरकडे जाणार नाही. पुशर विमानात, म्हणजे प्रॉपेलर मागे असलेल्या विमानात, ही काळजी दुप्पट घ्यायची.

९. टाकीत निम्मं मिश्रण उरलंय. आता ऑइल किती घालू?

फक्त नव्या पेट्रोलपुरतं. उरलेल्यात त्याचं ऑइल आधीच आहे. टाकी २० लिटरची, ८ लिटर शिल्लक आणि १२ लिटर भरायचे असतील तर ५०:१ ने २४० मिली. उरलेलं मिश्रण किती जुनं आहे ते मात्र आधी बघा (प्रश्न १३).

१०. प्रमाण चुकलं हे मिसळल्यावर कळलं. फेकून द्यावं लागेल का?

किती पेट्रोल आणि किती ऑइल पडलं हे नक्की माहीत असेल तर दुरुस्त करता येतं. १० लिटरमध्ये चुकून २५० मिली गेलं असेल तर २५० ला ५० ने गुणा: हे ऑइल साडेबारा लिटरला पुरतं, म्हणजे अडीच लिटर साधं पेट्रोल वाढवा. १५० मिलीच पडलं असेल तर ५० मिली आणखी घाला. दुरुस्ती कॅनमध्येच करायची. मिश्रण टाकीत गेलं असेल तर आधी काढून घ्या.

११. ऑइल घातलं की नाही तेच आठवत नाही. रंग बघून ठरवू का?

रंगाचा उपयोग अर्धाच. बहुतेक टू-स्ट्रोक ऑइलमध्ये निळा, लाल किंवा हिरवा रंग असतो, त्यामुळे पारदर्शक बाटलीत काढलेला नमुना साध्या पेट्रोलशेजारी धरला तर ऑइल आहे की नाही याचा अंदाज येतो. पांढऱ्या कागदावर थेंब टाकूनही कळतं: नुसतं पेट्रोल उडून जातं, मिश्रणाचा तेलकट डाग राहतो.

पण किती ऑइल आहे हे यांपैकी काहीच सांगत नाही. तुम्ही एकदा घातलं की दोनदा, हे रंगावरून ठरवू नका. शंका राहिलीच तर टाकी रिकामी करा आणि नवं मिश्रण बनवा. अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

१२. चुकून साधं पेट्रोल भरून इंजिन चालवलं. आता?

जमिनीवर लक्षात आलं तर तत्काळ बंद करा. टाकी, नळ्या आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. नवं मिश्रण भरण्याआधी एक्झॉस्ट काढून पोर्टमधून पिस्टन बघा. बाजूला उभे ओरखडे दिसले किंवा रिंगा मोकळ्या हलत नसल्या तर सिलिंडर उघडल्याशिवाय उडायचं नाही. ओरखडे नसले तरी बेअरिंगं दिसत नाहीत, म्हणून किती वेळ आणि किती शक्तीवर चालवलं हे जाणकार मेकॅनिकला सांगून त्याचं मत घ्या.

हवेत असताना इंजिनाचे फेरे त्याच थ्रॉटलला उतरू लागले आणि सिलिंडरचं तापमान चढू लागलं, तर कारण शोधत बसू नका. इंजिन कुठल्याही क्षणी थांबेल असं धरून ग्लाइडमध्ये गाठता येईल अशी मोकळी जागा निवडा, शक्ती कमी करा आणि उतरा.

१३. तयार मिश्रण किती दिवस टिकतं? ऑइल खाली बसतं का?

एकदा नीट विरघळलेलं खनिज किंवा सिंथेटिक ऑइल खाली बसत नाही. एरंडेल तेलावर आधारलेली ऑइलं मात्र थंडीत वेगळी होऊ शकतात. भरण्याआधी कॅन हलवणं ही तरीही चांगली सवय आहे.

टिकण्याचा प्रश्न मुख्यतः पेट्रोलचा आहे. त्यातले हलके घटक उडून जातात आणि इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. घट्ट बंद, जवळपास भरलेल्या कॅनमध्ये सावलीत ठेवलेलं मिश्रण महिनाभरात संपवा. इथेनॉल असेल तर त्याहूनही लवकर. विमान महिनोन्महिने उभं राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की ऑइल तेवढं मागे राहतं आणि बारीक जेट चिकट होतात.

१४. वाटेत माझ्या ब्रँडचं ऑइल मिळालं नाही तर? आणि कुठलंच टू-स्ट्रोक ऑइल नसेल तर?

त्याच दर्जाचं दुसरं ऑइल एखाद्या वेळेस चालतं, पण आधीची टाकी शक्य तेवढी रिकामी करून. दोन वेगळ्या जातीची ऑइलं एकत्र आली की कधी कधी गुठळ्या होतात. एरंडेल आणि खनिज ऑइल तर एकत्र आणूच नका.

टू-स्ट्रोक ऑइल मिळतच नसेल तर थांबा. गाडीचं इंजिन ऑइल हा पर्याय नाही. ते जळण्यासाठी बनवलेलं नसतं, आणि त्यातल्या धातुयुक्त घटकांची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. बाटल्या घरून भरून नेण्याचा आग्रह (प्रश्न ८) याचसाठी आहे.

१५. धावपट्टीवर फक्त एव्हगॅस १०० एलएल (विमानांसाठीचं पेट्रोल) मिळतं. वापरू का?

अडल्यावेळी वापरता येतं, ऑइलचं प्रमाण तेच ठेवून. त्यात शिसं असतं आणि ते प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगांच्या खाचांत साठतं. नेहमी वापरलं तर काजळी काढण्याची वेळ लवकर येते. रोटॅक्स टू-स्ट्रोकला ती तपासणी एरवी दर ५० तासांनी असते.

१६. माझ्या इंजिनाला ऑइल इंजेक्शन आहे. मिश्रणही घालू का?

नेहमीच्या वापरात नको. पंप फेऱ्यांनुसार आणि थ्रॉटलनुसार ऑइल सोडतच असतो. त्यावर मिश्रण भरलं तर ऑइल दुप्पट होतं (प्रश्न ४). अपवाद एकच: पंप किंवा त्याची नळी उघडून पुन्हा जोडली असेल, तर हवा पूर्ण काढून टाकल्यावरही पहिली टाकी जमिनीवर मिश्रणाने चालवतात. ऑइलच्या टाकीतली पातळी उतरते आहे हे दिसलं की पंप चालतोय हे सिद्ध होतं.

१७. थंडीत, उंचावर किंवा नव्या इंजिनाला प्रमाण बदलायचं का?

थंडी आणि उंचीसाठी नाही. उंचावर हवा विरळ होते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. तो कार्बोरेटरच्या जेटचा आणि सुईचा विषय आहे. थंडीत ऑइल दाट होतं, म्हणून मिसळताना जास्त हलवा. नव्या इंजिनाला काही निर्माते पहिल्या काही तासांपुरतं जास्त ऑइल सांगतात, काही सांगत नाहीत. इथे पुस्तिकेपलीकडे जाऊ नका.

१८. प्रमाण अचूक होतं, तरी लांब उतरणीनंतर पिस्टन चिकटला. का?

ऑइल पेट्रोलबरोबर येतं, म्हणून थ्रॉटल बंद केला की वंगणही आटतं. वरून लांबवर उतरताना प्रॉपेलर वाऱ्याने इंजिन फिरवत राहतो, फेरे बरेच असतात आणि ऑइल जेमतेम पोचतं. दरम्यान सिलिंडर थंड होतो. मग एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की ॲल्युमिनियमचा पिस्टन पटकन फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि दोघांतली फट संपते. इंजिन गरम न करता उड्डाण घेतलं तरी हेच होतं. लांब उतरण थोडी शक्ती ठेवून करा, मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडा आणि पुन्हा शक्ती घेताना हळूहळू घ्या.

१९. परदेशी पुस्तिकेत गॅलन आणि औंस आहेत. कसं बदलू?

कुठला गॅलन ते आधी बघा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. ५०:१ ने पहिल्याला सुमारे ७६ मिली ऑइल लागतं, दुसऱ्याला ९१ मिली. अमेरिकेच्या भाग १०३ नियमात अल्ट्रालाइटला ५ अमेरिकी गॅलन पेट्रोलची मर्यादा आहे, म्हणजे १८.९ लिटर आणि ३७८ मिली ऑइल.

२०. आमच्या गटात एकाचं ५०:१, एकाचं ४०:१ आणि एकाचं रोटॅक्स ९१२ आहे. पेट्रोल एकत्र नेता येईल का?

पेट्रोल साधंच एकत्र न्या आणि ऑइल ज्याने त्याने आपल्या कॅनमध्ये, आपल्या बाटलीतून घाला. ९१२ फोर-स्ट्रोक आहे, त्यात मिश्रण जाता कामा नये. उलट बाजूची चूक जास्त महाग पडते: ९१२ साठी ठेवलेला साध्या पेट्रोलचा कॅन घाईत टू-स्ट्रोकमध्ये रिकामा होतो. म्हणून साध्या आणि मिसळलेल्या पेट्रोलचे कॅन वेगळ्या रंगांचे ठेवा, वेगळ्या गाडीत ठेवा आणि विमान ज्याचं आहे त्यानेच स्वतःची टाकी भरायची असं निघण्याआधी ठरवून घ्या.